ई-सायकलच्या चाकाचे बळ तारेच्या जाडीत नव्हे, ताणात

नवी दिल्ली : विजेवर चालणारी सायकल घेताना ग्राहक बॅटरी किती किलोमीटर चालेल आणि मोटर किती वॉटची आहे, हे आवर्जून विचारतो. चाकाच्या तारा कोणत्या आहेत आणि त्या कशा बांधल्या आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रत्यक्षात रोजच्या वापरातील ई-सायकल रस्त्यावर अडकून पडते, तेव्हा बॅटरी आणि मोटर शाबूत असूनही काही रुपयांची एक तार तुटलेली असते, असे अनेकदा घडते. घरपोच खाद्यपदार्थ किंवा किराणा पोहोचवणाऱ्या कामगारासाठी ती तुटलेली तार म्हणजे बुडालेली रोजी असते. चढावरून उतरताना पुढचे चाक दगा देऊन गेले, तर प्रश्न केवळ रोजीचा राहत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या ई-सायकलच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ती अन्य अटी पूर्ण करत असल्यास मोटार वाहनात गणली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. ही सवलत सामान्य माणसाच्या सोयीची आहे. तिचा दुसरा अर्थ असा की, रिक्षा किंवा टेम्पोप्रमाणे या वाहनाची ठरावीक मुदतीने तपासणी होत नाही. चाक सुस्थितीत आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर आणि कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्ती करणाऱ्यावर येऊन पडते. त्यामुळे हे चाक उभे राहते कशाच्या बळावर, हे समजून घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

लाकडी आरा आणि लोखंडी तार

बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून धावेपर्यंत जाणारे लाकडी आरे खांबासारखे काम करतात. गाडीचा भार तुंब्यावर येतो आणि त्याखाली असलेला आरा तो भार दाबून धरतो. सायकलच्या चाकात हे शक्य नाही. दोन मिलिमीटर जाडीची तार उभी धरून तिच्यावर हाताने दाब दिला तरी ती वाकते. तरीही अशा ३६ तारांचे चाक माणसासह सगळा बोजा वाहून नेते. याचे रहस्य असे की, या तारा मुळातच जोराने ताणून बसवलेल्या असतात. त्या सगळ्या बाजूंनी रिमला आत खेचत असतात आणि रिम त्या ओढीला विरोध करीत गोल राहते.

चाकावर भार आला की जमिनीला टेकलेल्या ठिकाणी रिम किंचित चपटी होते. तेथील तीन-चार तारांचा ताण कमी होतो. वरच्या आणि बाजूच्या तारांच्या ताणात फारच थोडा फरक पडतो. म्हणजे भार पेलण्याचे काम मुख्यतः तळाच्या तारा, आपला ताण थोडा सोडून देऊन, करीत असतात. अमेरिकी अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायकलच्या चाकावरील पुस्तकात हा मुद्दा गणिताने मांडला. सायकल चाकाच्या वरच्या तारांना लटकलेली असते, हा जुना समज त्यातून दूर झाला.

कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये उडत्या यंत्रासाठी हलके चाक शोधताना ताणलेल्या आऱ्यांचा विचार मांडला होता. पुढे १८७० च्या दशकात जेम्स स्टार्ली यांनी तारांच्या चाकाची सायकल बाजारात आणली आणि १८७४ मध्ये तारा हबपासून सरळ न नेता तिरप्या, एकमेकींना ओलांडणाऱ्या रीतीने गुंफण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आजही जगभरातील बहुतेक सायकलींची चाके याच पद्धतीने बांधली जातात. आपल्याकडील दणकट काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत. दुधाच्या किटल्या किंवा धान्याचे पोते मागच्या बाजूला लादले जाते आणि सायकलस्वाराचे वजनही मागेच अधिक पडते, ही गोष्ट त्या आकड्यांमागे होती.

ताण किती हवा

एक ढोबळ हिशेब पाहू. ई-सायकल २८ किलो, चालवणारा ६५ किलो आणि पाठीवरची पिशवी १५ किलो धरली, तर एकूण भार १०८ किलो होतो. त्यातील सुमारे ७० किलो मागच्या चाकावर येतो. तो तळाच्या चार तारांत वाटला गेला, तर प्रत्येक तारेचा ताण सुमारे १७ ते १८ किलोने कमी होईल. खड्ड्यात चाक आदळले की काही क्षण हाच भार तिप्पट होऊ शकतो आणि प्रत्येक तार ५० किलोपेक्षा अधिक ताण गमावते. मुळात ताण ४० किलोच असेल, तर तार त्या क्षणी पूर्ण सैल पडते. ताण १०० किलो असेल, तर ती ताठच राहते.

सैल पडलेली तार दोन प्रकारे घात करते. तिचा आधार गेल्यामुळे रिम बाजूला कलंडण्याची शक्यता वाढते. शिवाय ताण नाहीसा होताच निपलवरील घर्षणही नाहीसे होते आणि रस्त्याच्या धक्क्यांनी निपल हळूहळू उलटे फिरू लागते. तार आणखी सैल होते आणि हे चक्र वाढत जाते. म्हणूनच चांगल्या रिमवर तारेचा ताण साधारण १०० ते १२० किलोच्या आसपास ठेवला जातो. रिम बनवणाऱ्याने कमाल मर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी. त्याहून अधिक ताणले तर निपलच्या भोकाभोवती रिमला चिरा पडतात.

जाड तारेचा मोह

ई-सायकल जड असते, म्हणून तिला जाड तार हवी, असा सरळ तर्क केला जातो. बाजारात नेहमीची तार १४ गेजची, म्हणजे २ मिलिमीटरची असते. हब मोटरच्या अनेक चाकांत १२ गेजची, म्हणजे सुमारे २.६ मिलिमीटरची तार दिसते. ती ओढून तोडायला निःसंशय अधिक जोर लागतो. मात्र चाकातील तार सहसा एका झटक्याने ओढली जाऊन तुटत नाही. तिचा ताण लाखो वेळा कमी-जास्त होतो आणि त्या थकव्याने ती तुटते.

२६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर असतो. रोज २० किलोमीटर याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस सायकल चालवली, तर चाक सुमारे २९ लाख वेळा फिरते. प्रत्येक फेरीत प्रत्येक तार एकदा तळाशी येते आणि तिचा ताण एकदा उतरून पुन्हा चढतो. अशा वेळी तार किती ताणली जाऊ शकते, म्हणजे तिच्यात लवचीकपणा किती आहे, याला महत्त्व येते.

पोलादाच्या गुणधर्मांवरून हे मोजता येते. हब मोटरच्या चाकात तार साधारण २१५ मिलिमीटर लांबीची धरली आणि तिला १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोचा ताण दिला, तर २ मिलिमीटर जाडीची तार सुमारे ०.३४ मिलिमीटरने लांबते. २.६ मिलिमीटर जाडीची तार तेवढ्याच ताणाने केवळ ०.२० मिलिमीटरने लांबते. आता खड्ड्यात रिम पाव मिलिमीटर आत दबली असे समजा. पातळ तारेत अजून ताण शिल्लक राहील, जाड तार मात्र पूर्ण सैल पडेल. जाड तारेला पातळ तारेइतके लांबवायचे, तर ताण दीडपटीहून अधिक वाढवावा लागेल आणि तो सामान्य रिमला सोसणारा नसेल. जाड तारांच्या चाकांत निपल वारंवार सैल होतात, ते यामुळे.

म्हणून बहुतेक ई-सायकलींसाठी १३ किंवा १४ गेजची दर्जेदार स्टेनलेस तार पुरेशी ठरते. डोक्याकडील वाकाशी १३ गेज आणि उरलेल्या लांबीत १४ गेज अशी तार मिळाली, तर ती सर्वांत चांगली. वाकाशी, जेथे तुटण्याचा धोका अधिक, तेथे जाडी मिळते आणि मधल्या भागात लवचीकपणा राहतो. १२ गेजची तार जाड, दुहेरी भिंतीच्या आणि मोठा ताण सोसणाऱ्या रिमसाठीच राखून ठेवावी.

हब मोटरने बदललेली भूमिती

साध्या सायकलच्या हबची फ्लँज, म्हणजे तारांची भोके असलेली कड, साधारण ४५ ते ६० मिलिमीटर व्यासाची असते. हब मोटरमध्ये मोटरच हबच्या पोटात असल्याने ही कड १२० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असते. तारा त्यामुळे आखूड होतात आणि गुंफण्याची नेहमीची पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही.

नेहमीच्या ३६ तारांच्या चाकात प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडून रिमकडे जाते. तिला तीन-क्रॉस गुंफण म्हणतात. ४५ मिलिमीटरच्या हबवर आणि २६ इंची रिमवर अशी तार रिमच्या भोकात जवळजवळ सरळ शिरते. केंद्राकडील रेषेपासून ती केवळ ४ अंशांच्या आसपास कललेली असते. १२० मिलिमीटरच्या मोटरवर हीच गुंफण केली, तर हा कल सुमारे १२ अंश होतो. २० इंची, घडी होणाऱ्या सायकलच्या चाकात तो १७ अंशांच्याही पुढे जातो. निपल एवढे तिरके होऊ शकत नाही. परिणामी तार निपलच्या तोंडाशी वाकते आणि आट्यांपाशी तुटते. एखाद्या ई-सायकलच्या तारा वारंवार निपलजवळच तुटत असतील, तर गुंफण चुकीची असल्याचा संशय आधी घ्यावा.

यावर उपाय एक-क्रॉस गुंफणीचा आहे. त्याच मोटरवर प्रत्येक तारेने एकच तार ओलांडली, तर २६ इंची चाकात कल सुमारे साडेपाच अंशांवर आणि २० इंची चाकात साडेआठ अंशांवर येतो.

एवढ्या कमी तिरप्या तारा मोटरचा जोर कसा पेलतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचेही उत्तर मोठ्या फ्लँजमध्येच आहे. हब मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ४० न्यूटन-मीटर धरला, तर १२० मिलिमीटरच्या फ्लँजच्या कडेवर तो सुमारे ६७० न्यूटन भरतो. ३६ तारांत वाटल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला १८ ते १९ न्यूटन, म्हणजे दोन किलोच्याही आत येतात. तारेत आधीच १०० किलोचा ताण असताना हा वाटा नगण्य आहे. मोटरच्या ताकदीने तारा तुटतात हा समज बव्हंशी चुकीचा आहे. तारांना थकवतात ते भार, खड्डे आणि अपुरा किंवा असमान ताण. तरीही डिस्क ब्रेकचा झटका आणि मोटरची सुरुवातीची ओढ लक्षात घेता, तारा अगदी सरळ, एकमेकींना न ओलांडता बसवण्यापेक्षा एक-क्रॉस अधिक सुरक्षित ठरते.

ज्या ई-सायकलींत मोटर पेडलपाशी असते, त्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मागचा हब साधा, लहान फ्लँजचा असतो आणि मोटरचा तसेच पायांचा जोर साखळीतून त्याच्याकडे येतो. ४५ मिलिमीटरच्या फ्लँजवर ४० न्यूटन-मीटरचा वाटा प्रत्येक तारेला सुमारे ५० न्यूटन येतो आणि चढावर हलक्या गियरमध्ये तो आणखी वाढतो. अशा चाकाला तीन-क्रॉस गुंफणच योग्य.

आणखी एक दोष अनेक हब मोटरमध्ये आढळतो. त्यांच्या फ्लँजची भोके जाड तारेसाठी पाडलेली असतात. त्यात १४ गेजची तार घातली की ती सैल बसते, वाक फ्लँजला नीट टेकत नाही आणि तेथेच थकवा साचतो. तारेच्या डोक्याखाली पितळेचा बारीक वॉशर घातल्याने हा दोष पुष्कळ अंशी दूर होतो.

चाक बांधण्याचा क्रम

रिम निवडताना तिची भोके मोटरच्या भोकांइतकीच असावीत. रिम दुहेरी भिंतीची असावी आणि शक्य असल्यास निपलच्या भोकांना धातूची कडी असावी. निपल पितळेचे घ्यावे. ॲल्युमिनिअमचे निपल वजनाने हलके असले, तरी दमट आणि खाऱ्या हवेत ते गंजून तारेला धरून बसते.

तारेची लांबी अचूक हवी. रिमचा आतील व्यास, फ्लँजचा व्यास, दोन्ही फ्लँजचे मध्यापासूनचे अंतर आणि गुंफणीचा प्रकार यांवरून ती काढतात. दोन मिलिमीटरहून अधिक चूक झाली, तर एकतर तार निपलमध्ये पुरेशी शिरत नाही किंवा तिचे टोक रिमच्या बाहेर येऊन ट्यूबला टोचते. हब मोटरमध्ये उजव्या आणि डाव्या बाजूच्या तारांची लांबी वेगळी असू शकते, हे विसरू नये.

तारांच्या आट्यांना तेलाचा थेंब लावून निपल बसवावे. सुरुवातीला सर्व निपल सारखेच, म्हणजे तारेचे आटे निपलमध्ये नुकते दिसेनासे होईपर्यंत फिरवावे. व्हॉल्व्हचे भोक जवळजवळ समांतर असलेल्या दोन तारांच्या मध्ये यावे. तसे झाले नाही तर हवा भरताना पंपाचे तोंड अडते. त्यानंतर चाकाला फेरी घालत प्रत्येक निपल अर्धा-अर्धा आटा घट्ट करीत जावे. नेहमीच्या १४ गेजच्या तारेवर निपलचा एक पूर्ण आटा सुमारे ०.४५ मिलिमीटर पुढे सरकतो. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे एवढे अंतर तारेच्या पूर्ण ताणापेक्षाही अधिक आहे. म्हणून शेवटच्या टप्प्यात पाव आट्याहून जास्त फिरवू नये. टायरच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की निपल घट्ट होते. हबच्या बाजूने पाहताना ही दिशा उलटी दिसते आणि नवख्याची गल्लत तेथेच होते.

यानंतर चार गोष्टी आळीपाळीने पाहाव्या लागतात. पहिली, चाक वर-खाली उडी मारते का. ज्या ठिकाणी रिम बाहेर आलेली असेल, तेथील दोन्ही बाजूंच्या तारा घट्ट कराव्या. दुसरी, चाक डावी-उजवीकडे डोलते का. कारागीर ज्याला चाकाचा आऊट काढणे म्हणतात, ते हेच काम. रिम डावीकडे गेली असेल तर तेथील उजव्या तारा थोड्या घट्ट आणि डाव्या तेवढ्याच सैल कराव्या. नुसत्याच घट्ट करीत गेले तर चाक त्या ठिकाणी आत ओढले जाते. तिसरी, रिम ॲक्सलच्या बरोबर मध्यावर आहे का. चौथी, एकाच बाजूच्या सर्व तारांचा ताण सारखा आहे का. मागच्या चाकात फ्रीव्हीलमुळे उजवी फ्लँज मध्याजवळ सरकलेली असते, त्यामुळे उजव्या तारा अधिक ताणलेल्या असणे साहजिक आहे. दोन बाजूंची तुलना न करता एका बाजूच्या तारांची आपापसांत तुलना करावी.

यासाठी ताण मोजण्याचे छोटे उपकरण मिळते आणि ते घेणे दुकानदाराला परवडणारे आहे. ते नसेल तर कान उपयोगी पडतो. तार बोटाने छेडली की सूर निघतो आणि तो ताणाबरोबर चढतो. एकाच बाजूच्या, एकाच लांबीच्या तारांपैकी एखादीचा ताण इतरांपेक्षा २० टक्क्यांनी कमी असेल, तर तिचा सूर जवळपास एका पूर्ण स्वराने, म्हणजे रिषभावरून षड्जावर आल्याइतका, उतरलेला ऐकू येतो. जुने कारागीर चाक फिरवून तारांवरून बोट नेतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. सरासरीपासून २० टक्क्यांहून अधिक फरक असलेली तार स्वीकारू नये. चाक दिसायला सरळ असूनही तारांचा ताण असमान असू शकतो आणि असे चाक थोड्याच दिवसांत पुन्हा आऊट होते.

शेवटची पायरी बहुधा गाळली जाते आणि चाकाचे आयुष्य तीवरच अवलंबून असते. एकाच बाजूच्या जवळजवळ समांतर असलेल्या दोन-दोन तारा हातात धरून जोराने आवळाव्या. हातात मोजे घालावेत, कारण जोर खरोखरच लावायचा असतो. असे केल्याने तारेचा वाक फ्लँजवर नीट बसतो, तार बनवताना आणि वाकवताना धातूत राहून गेलेले स्थानिक ताण निघून जातात आणि निपल फिरवताना तारेला पडलेला पीळही सुटतो. या वेळी रिम लाटेसारखी वाकडी झाली, तर ताण रिमच्या सोसण्यापलीकडे गेला आहे असे समजून सर्व निपल अर्धा आटा सैल करावे. ही पायरी घेतल्यावर चाक पुन्हा एकदा सरळ करावे लागते.

देखभालीचे साधे नियम

नवे चाक पहिल्या १०० ते १५० किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्यावे, कारण तारा आणि निपल याच काळात आपापल्या जागी बसतात. त्यानंतर रोज सायकल चालवणाऱ्याने महिन्यातून एकदा तारा हाताने दाबून आणि छेडून पाहाव्या. एखादी तार टक्कन न वाजता बद्द वाजली, तर ती सैल आहे. चाक अधांतरी फिरवून ब्रेकच्या रबराजवळून किंवा फ्रेमजवळून पाहिले, तर डोल डोळ्यांना दिसतो. रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलीत एक मिलिमीटरचा डोलही ब्रेकच्या दांडीत जाणवतो. डिस्क ब्रेकच्या सायकलीत तो जाणवत नाही, म्हणून तेथे तपासणीची आठवण अधिक ठेवावी लागते.

टायरमधील हवा हा चाकाचा सर्वांत स्वस्त विमा आहे. हवा कमी असेल तर खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो आणि रिम चेपते. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा पाहून दर आठवड्याला हवा भरावी. जागा असेल तर रुंद टायर घ्यावे. हब मोटरचे वजन चाकातच असते आणि सीटच्या स्प्रिंगचा किंवा मागच्या शॉकअबसॉर्बरचा त्याला उपयोग होत नाही. खड्ड्यात उतरताना मोटर आपल्या सगळ्या वजनासह रिमवर आदळते आणि तिच्यामध्ये टायरमधील हवा एवढीच गादी असते. खड्डा चुकवता येत नसेल तर वेग कमी करून, पेडलवर उभे राहून सीटवरचा भार काढून घ्यावा.

पावसाळ्यात आणि किनारपट्टीच्या गावांत तारा व निपल यांच्या सांध्यावर गंज धरतो. सायकल धुतल्यावर चाक पुसून कोरडे करावे आणि निपलच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडावा. हब मोटरवर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नये. ते वायरच्या तोंडातून आत शिरू शकते. निपल सैल होतात म्हणून त्यांना चिकटद्रव्य लावून बसवणे हा खरा उपाय नव्हे. निपल सैल होत असेल तर त्या तारेचा ताण अपुरा आहे आणि तो दुरुस्त करायला हवा.

तार तुटलीच, तर तिच्यासह सायकल चालवत राहू नये. तिच्या शेजारच्या तारांवर बदलता भार वाढतो आणि पुढची तार लवकर तुटते. वाटेत दुसरा इलाज नसेल तर तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळावी, रिम ब्रेकला घासत असेल तर तो थोडा सैल करावा, मोटर बंद ठेवावी आणि सायकल हळू चालवत किंवा हाताने ढकलत जवळच्या दुकानापर्यंत न्यावी. एकाच चाकात थोड्या अवधीत दोन-तीन तारा वाकाशी तुटल्या, तर उरलेल्या तारांनीही तेवढ्याच फेऱ्या सोसलेल्या असतात, हे ध्यानात घ्यावे. अशा वेळी एकेक तार बदलत बसण्यापेक्षा सर्व तारा नव्या बसवणे अंतिमतः स्वस्त पडते.

मोटरचे चाक काढताना आधी बॅटरी बंद करावी आणि मोटरची वायर सोडवावी. वायर तशीच ठेवून चाक ओढले तर तारेपेक्षा कितीतरी महाग नुकसान होते. चाक परत बसवताना ॲक्सलचे नट पुरेसे घट्ट आहेत आणि ॲक्सल फिरू नये म्हणून दिलेली पट्टी जागेवर आहे, याची खात्री करावी. विशेषतः पुढच्या चाकात मोटर असेल, तर ही पट्टी नसलेली सायकल चालवणे धोक्याचे आहे.

कौशल्य टिकले तरच

लुधियानासारख्या शहरांनी देशाला सायकली पुरवल्या आणि त्या चालत्या ठेवल्या त्या गावोगावच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी. चाक बांधणे हे त्यांच्या हातातील मुख्य कौशल्य होते. हब मोटरच्या चाकापुढे मात्र हा कारागीर अनेकदा थबकतो. त्याच्याकडे त्या लांबीची तार नसते आणि तीन-क्रॉसची सवय येथे उपयोगी पडत नाही. मग तार तुटली की ग्राहकाला पूर्ण चाक बदलण्याचा सल्ला मिळतो किंवा भलत्याच लांबीची तार कशीबशी बसवली जाते.

ग्राहकाने सायकल घेतानाच उजव्या आणि डाव्या बाजूच्या योग्य लांबीच्या तीन-तीन तारा निपलसह मागून घ्याव्या आणि त्यांची लांबी व गेज कागदावर लिहून ठेवावे. भाड्याने ई-सायकली देणाऱ्यांनी अशा तारांचा साठा ठेवला आणि महिन्यातून एकदा चाके तपासली, तर त्यांच्या सायकलींवर पोट असलेल्या कामगारांचे कामाचे दिवस वाचतील. ज्या कारागिराला काळ्या सायकलीच्या ४० तारा कानाने जुळवता येतात, त्याला मोटरच्या चाकाच्या ३६ तारा जुळवणे अवघड नाही. त्याला हवी आहेत ती योग्य मापाची तार, एक-क्रॉस गुंफणीची माहिती आणि या कामाचे रास्त मोल देणारा ग्राहक.